भंगाराचा कोपरा आणि एक त्सुबो जागा

कंप्रेसरच्या मागं एक कोपरा असतो. बेळगावातलं उद्यमबाग असो, मच्छे असो की होनग्याची औद्योगिक वसाहत, गाळा दोन लेथचा असो की दोनशे माणसांचा, तो कोपरा असतोच. फाटका पट्टा, गळकं ऑइलचं डबडं, एक पाय मोडलेली खुर्ची, पावसात भिजून लगदा झालेले पुठ्ठ्याचे खोके आणि सगळ्याच्या वर चहाच्या कागदी कपांचा ढीग. कुणी टाकलं म्हणून विचारलं तर कुणीच नाही. आमच्या शेडमध्ये त्या कोपऱ्याला 'गोवा' म्हणायचे, कारण तिकडं गेलेली वस्तू लवकर परत यायची नाही.

मी स्टोअर्स बघतो, म्हणजे गोव्याचा कारभार माझ्याकडंच. आम्ही कचरा वेगळा करायला लागलो, भंगार नीट विकायला लागलो आणि रिकाम्या झालेल्या त्या कोपऱ्यात सहा फूट बाय सहा फुटांची जपानी पद्धतीची दगडी बाग केली. त्यात ज्या चुका झाल्या त्या तुमच्याकडून होऊ नयेत, म्हणून हे लिहितोय. तुमचं ऑफिस असेल, बँकेची शाखा असेल, निपाणीकडची तंबाखूची वखार असेल किंवा वडगावातला मागाचा कारखाना असेल, तरी क्रम हाच ठेवा. आधी कचरा, मग बाग. उलटं केलंत तर बागेचीच कचराकुंडी होते.

ह्या दोन गोष्टी एकत्र का?

आमच्या भिंतीवर 'फाइव्ह एस'चा, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवायच्या जपानी पद्धतीचा तक्ता कितीतरी वर्षं लटकतोय. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. ऑडिट आलं की त्यावरची धूळ पुसायची, एवढाच त्याचा उपयोग. पण पहिला शब्द बघा. सेइरी म्हणजे नको ते बाजूला काढणं. नवीन आणणं नाही, रंग देणं नाही, आधी काढणं. जपानी बागेचं गमक नेमकं तेच आहे. क्योतोच्या र्योआन-जी मंदिरातली बाग जगात नावाजलेली, आणि तिच्यात आहे काय? साधारण 25 मीटर बाय 10 मीटरची मोकळी जागा, पांढरट खडी, दगडांच्या बुडाशी थोडं शेवाळ आणि पाच पुंजक्यांत मांडलेले 15 दगड. झाड नाही, पाणी नाही. ओसरीवर कुठंही बसा, एका वेळी 14च दगड दिसतात, एक कुठला तरी लपतोच. 2002 साली 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात काही संशोधकांनी मांडलं, की तिथल्या दगडांमधल्या रिकाम्या जागेच्या मध्यरेषा काढल्या तर फांद्या फुटलेल्या झाडासारखी आकृती होते, आणि त्या झाडाचं खोड बघणाऱ्याच्या बसायच्या जागेकडं येतं. डोळ्याला ती आकृती दिसत नाही, पण नजर निवते ती ह्या मोकळ्या जागेमुळं. दगड तिथं रिकामपण राखायला बसवलेत.

आमची पहिली चूक इथंच झाली. पहिल्यांदा कोपरा रिकामा केला तेव्हा आम्ही जमिनीवर पिवळे पट्टे मारले आणि 'येथे काही टाकू नये' अशी पाटी लावली. पंधरा दिवसांत तिथं एक टायर आलं. टायर एकटं राहत नाही.

पहिला आठवडा: डबे घेऊ नका, वजनकाटा घ्या

नवा माणूस उत्साहात रविवार पेठेत जाऊन रंगीत डबे घेऊन येतो. थांबा. एक आठवडा रोजचा कचरा फक्त तोलायचा आणि वहीत लिहायचा. सहा रकाने पुरतात: धातू, पुठ्ठा-कागद, प्लास्टिक, ओला, तेलकट, इतर. जागाही लिहा, म्हणजे कुठल्या मशीनपाशी, कुठल्या टेबलापाशी. आठवड्यानंतर कळतं की आपण ज्याला कचरा म्हणतो त्यातला मोठा भाग दोन-तीनच प्रकारांचा आहे, आणि तो दोन-तीन ठिकाणीच जन्माला येतो.

ऑफिसवाल्यांना धातूचा रकाना लागणार नाही, त्यांचा कागद आणि चहाच जास्त निघेल. मागवाल्यांकडं सूत आणि सुताचे रिकामे कोन निघतील. तुटकं सूत सुती असेल तर ते आम्हीच घेतो, मशीन पुसायला. नायलॉन-पॉलिस्टरचं असेल तर नको.

दुसरा आठवडा: भंगारवाल्यासोबत चहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि सगळे हीच गाळतात. डब्यांची संख्या तुम्ही ठरवायची नाही, भंगारवाल्यानं ठरवायची. जे तो घेणार नाही ते वेगळं करून काय उपयोग? महिन्याभरानं सगळं एकाच ट्रॉलीत पडलेलं दिसतं आणि कामगारांचा विश्वास उडतो, तो परत येत नाही.

आमच्याकडचे कन्नड सहकारी भंगाराला 'गुजरी' म्हणतात. कोल्हापूरच्या पाहुण्याला 'माल गुजरीला पाठवला' म्हणून सांगितलं की तो चमकतो, कारण त्यांची गुजरी म्हणजे सोन्याची पेठ. पण नीट वेगळं केलं तर आपल्याही गुजरीत थोडं सोनं निघतं. कसं ते सांगतो.

लेथवर बिडाचं काम झालं की बारीक भुग्यासारखं पडतं ते बोरिंग. माइल्ड स्टीलचं काम झालं की लांब कुरळे गुंडाळे पडतात ते टर्निंग. दोन्ही एकाच पोत्यात भरलं की व्यापारी दोन्हीतला जो कमी दर असेल तो लावतो, वर मिसळलं म्हणून आणखी कापतो. पितळ आणि ॲल्युमिनियमचा भुगा त्यात गेला तर फुकटच गेला म्हणायचा. म्हणून धातू बदलताना मशीनखालचा ट्रे झाडून घ्यायचा, हा एकच नियम आम्ही केला. पोरांनी पहिले आठ दिवस कुरकुर केली. दर बघितल्यावर थांबली.

दुसरं, कूलंटनं, म्हणजे कापताना धातू थंड ठेवायला सोडतात त्या द्रवानं, ओला झालेला भुगा तसाच पोत्यात भरू नका. जुन्या ड्रमच्या बुडाला भोकं पाडा, तो दुसऱ्या ट्रेवर ठेवा आणि रात्रभर निथळू द्या. खाली साठलेलं कूलंट गाळून परत वापरता येतं, आणि ओल्या मालाची वजनात होणारी कापाकापी टळते.

तिसरी गोष्ट नखाएवढी. कार्बाईडच्या टिपा, म्हणजे लेथच्या हत्याराच्या टोकाला लावतात ते धातू कापणारे तुकडे. चारी कोपरे झिजले की टर्नर ती टिप खाली टाकतो आणि ती केरात जाते. टंगस्टन कार्बाईड आहे ते, किलोवर विकलं जातं आणि साध्या लोखंडाच्या कितीतरी पट दरानं. प्रत्येक मशीनला एक लोणच्याची रिकामी बरणी बांधा. आमच्या बरण्या भरायला महिने लागतात, पण भरल्यावर उचलून बघा, एवढीशी बरणी मनगट वाकवते.

आता पैशाचं. तुम्ही यायच्या आधीही पुठ्ठा आणि रद्दी कुणीतरी विकत होतंच. बहुतेक ठिकाणी झाडलोट करणाऱ्या मावशी नाहीतर रात्रीचा वॉचमन. त्यांना ते चार पैसे मिळायचे. 'कार्यक्रम' सुरू झाला म्हणून ती मिळकत कंपनीच्या खात्यात वळवलीत तर पर्यावरणाचं कितीही चांगलं होवो, तुम्ही एका घराचं वाईट केलंत, आणि मावशी तुमचे डबे कधीच वेगळे ठेवणार नाहीत. आम्ही मालकांशी आधीच बोलून घेतलं: धातू कंपनीचा, पुठ्ठा आणि प्लास्टिक मावशींचं. हे लेखी असावं. तोंडी ठरलेलं माणूस बदललं की पुसलं जातं.

डब्यांवर काय लिहायचं?

काहीही लिहू नका. बेळगावात पाटीवर कुठली भाषा आधी, हा विषय निघाला की काम बाजूलाच राहतं. आमच्याकडं लेथवरचा मराठी, फर्नेसवरचा कन्नड, पॅकिंगमधले दोघे बिहारचे. मी आधी हौसेनं मराठीत 'ओला कचरा', त्याखाली कन्नडमध्ये 'हसी कस', शेजारच्या डब्यावर 'सुका कचरा', 'ओण कस' असं लिहून घेतलं. तरी केळ्याची साल सुक्यात जायचीच, कारण जेवणाच्या सुट्टीत डब्यावरचं वाचत कुणी उभं राहत नाही.

मग डब्याला वस्तूच बांधली. पुठ्ठ्याच्या डब्यावर तारेनं पुठ्ठ्याचा तुकडा, टर्निंगच्या ड्रमवर एक गुंडाळा, प्लास्टिकच्या डब्यावर पाण्याची चेपलेली बाटली. ओल्या डब्यावर रोज नवी साल कोण लावणार, म्हणून तिथं हिरवा रंग. गोंधळ बऱ्यापैकी संपला. आणि डबे तिथंच ठेवा जिथं तो कचरा तयार होतो. बाकी सगळीकडचे डबे काढून टाका, विशेषतः टेबलाखालचे. दहा पावलं चालायला लागलं की माणूस टाकण्याआधी एकदा हातातल्या वस्तूकडं बघतो.

चहा

चाळीस माणसं, दिवसाला दोन चहा: ऐंशी कप. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोन हजार ऐंशी. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळं तो रद्दीतही जात नाही आणि खतातही नाही. कुणीतरी मातीचे कप सुचवेलच. खानापूरच्या मातीचा अभिमान मलाही आहे, पण एकदा भाजलेली माती परत माती होत नाही, नुसत्या खापऱ्या साठतात. आम्ही टपरीवाल्या अण्णांना गाठलं. काचेचे ग्लास त्यांनीच आणायचे, त्यांनीच न्यायचे, त्यांनीच धुवायचे, आणि त्याचे महिन्याला वेगळे पैसे. 'ज्यानं त्यानं आपला ग्लास धुवावा' हा आदर्श विचार करून बघितला होता. चार दिवसांत सिंकमध्ये बुरशी.

ओला कचरा आणि घातक कचरा

जेवणाच्या डब्यातलं उरलेलं, चहाचा चोथा, फळांच्या साली. दोन प्लास्टिक ड्रम घ्या, बाजूंना आणि बुडाला भोकं पाडा. एक थर ओला आणि त्यावर त्याच्या दुप्पट सुका: वाळका पाला, उसाचं पाचट, लाकडाचा भुसा. आमच्या शेजारी ओतकामासाठी लाकडी पॅटर्न करणारे आहेत, भुसा तिथून येतो. मात्र साध्या लाकडाचाच घ्या, प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. आठवड्यातून एकदा खालीवर करा. वास आला तर ओल जास्त झाली असं समजा आणि आणखी भुसा घाला. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत खत होतं. एक ड्रम मुरतोय तोवर दुसरा भरायचा. वखारवाल्यांनी गांडूळखतात तंबाखूचा चुरा घालू नये, निकोटीन गांडुळांना मारतं.

तेलानं माखलेलं कॉटन वेस्ट, वापरलेलं ऑइल, ट्यूबलाइट, बॅटऱ्या ह्यांना कुलपातला वेगळा ड्रम हवा. वापरलेलं ऑइल 2016 च्या घातक कचरा नियमांत येतं आणि ते अधिकृत प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यावं लागतं. अशांची माहिती कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं मिळते. ई-कचरा आणि बॅटऱ्यांसाठी 2022 चे वेगळे नियम आहेत. संध्याकाळी शेडमागं तेलकट चिंध्या पेटवून 'संपवायची' पद्धत आपल्याकडं जुनी आहे. मीही पूर्वी काडी ओढलेली आहे. ती बंद करा.

आता बाग

कोपरा रिकामा झाला की आठ दिवसांच्या आत काम सुरू करा, नाहीतर टायर येतं.

जपानात घरा-दुकानांच्या आतल्या लहानशा अंगणात बागा करतात, त्यांना त्सुबोनिवा म्हणतात. त्सुबो हे जमिनीचं माप, साधारण 3.3 चौरस मीटर. आपल्या हिशेबात सहा फूट बाय सहा फूट झाले. एवढी जागा कुठल्याही गाळ्यात निघते. पुण्याला लग्नाकार्यासाठी आपलं जाणं होतंच, तेव्हा एक सकाळ काढून सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान बघून या. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून ते बेतलंय, दहा एकर आहे. वाट कशी वळते आणि वळल्याशिवाय पुढचं कसं दिसत नाही, ते बघण्यासारखं आहे. पण ती फिरायची बाग, पाणी आणि हिरवळीची. आपल्याला करायची ती कोरडी बाग, जपानी भाषेत कारेसान्सुइ. पाण्याच्या जागी खडी, आणि तिच्यावर दाताळ्यानं ओढलेल्या रेघा. कोरडीच का, तर हौद किंवा दगडी पात्र ठेवलं की त्यात डास होतात, आणि सुट्टीच्या दिवशी ते कोण उपसणार?

जमीन आधी चोपून घ्या आणि गटाराकडं हलका उतार द्या. आपला जुलै ध्यानात ठेवा. तळाला फुटक्या कौलांचे तुकडे पसरा. आमच्याकडं जुन्या छपराची कौलं पडून होती, ती कामी आली. त्यामुळं पाणी मुरतं आणि तांबडी माती वर येऊन खडी रंगत नाही. कडेला जांभ्याचे चिरे. पावसाळ्यात त्यांच्यावर आपोआप शेवाळ धरतं, शिमग्यापर्यंत वाळतं, पुढच्या जूनमध्ये परत येतं. क्योतोच्या साइहो-जीत शेवाळाचेच गालिचे आहेत; आपल्याला वर्षातले चार महिने मिळतात ते खूप.

खडीच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नका. तो पांढरे गोटे दाखवेल. गोल गोट्यांवर रेघ उमटत नाही, ते घरंगळतात. आणि संगमरवराचा पांढरा चुरा एप्रिलच्या उन्हात डोळे दिपवतो. क्रशरवरची काळ्या दगडाची बारीक, कोनेरी खडी घ्या, चार ते सहा मिलिमीटरची. कोनेरी कण एकमेकांत अडकतात म्हणून रेघ टिकते, आणि करडा रंग डोळ्याला थंड वाटतो. अडीच इंचाचा थर धरला तर छत्तीस चौरस फुटांना साडेसात घनफूट, म्हणजे तीनशे-सव्वातीनशे किलो. टाकण्याआधी धुवून घ्या.

फौंड्रीवाल्यांना एक मोह होईल, तो मलाही झाला होता: साच्यांची टाकाऊ काळी वाळू फुकट आहे, तीच पसरावी. नको. तिच्यात कोळशाची पूड आणि माती असते, रेझिनची वाळू असेल तर रसायनं, आणि सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसांत जाते. दाताळं फिरवून ती उडवायची म्हणजे विकतचं दुखणं.

दगड तीन पुरेत, विषम संख्येत. शेताच्या बांधावरचे, ऊनपाऊस खाल्लेले, शेतकऱ्याला विचारून आणलेले. गडावरचे, देवराईतले नकोत. प्रत्येक दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत पुरा, म्हणजे तो ठेवल्यासारखा न दिसता उगवल्यासारखा दिसतो. एक मोठा, एक मध्यम आणि एक लहान, मधोमध नाही, एका बाजूला सरकवून. आणि आपल्या मुलखापुरती एक सूचना, जी कुठल्या जपानी माळ्याला सुचणार नाही: दगड उभा करू नका. आमचा मोठा दगड मी हौसेनं उभा केला होता. टर्नर मामांनी लांबूनच विचारलं, "काय ओ, देव बसवालासा काय हितं?" शुक्रवारी त्याला हळदकुंकू लागलं, पुढच्या मंगळवारी नारळ फुटला. देवाला हलवणार कोण? शेवटी मामांनीच नमस्कार करून तो आडवा केला.

झाड एकच. जपानी मेपल इथं जगवायच्या भानगडीत पडू नका. अनंत लावा, तो मुळात चीन-जपानकडचा, आणि आपल्या परसात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ड्रममधलं खत त्यालाच घाला. आणखी हिरवं हवं असेल तर शक्केइ वापरा, म्हणजे उसना देखावा. कंपाउंडपलीकडचा शेजाऱ्याचा आंबा, किंवा दिसत असेल तर येळ्ळूरचा गड. मधे आलेली फ्लेक्सची चौकट काढली की तो आपल्याच बागेचा भाग होतो. त्याला पैसे पडत नाहीत.

दाताळं स्वतःच करा. फुटभर फळीला दीड-दीड इंचावर खाचा पाडा, लांब दांडा ठोका. दगडाभोवती गोल रेघा, बाकी सरळ. मागं मागं सरकत ओढायचं, म्हणजे आपले ठसे राहत नाहीत. पहिल्या दिवशी माझ्या रेघा बैलानं नांगरल्यासारख्या आल्या होत्या. हात बसायला महिना लागतो.

दाताळ्याची पाळी लावा. दर सोमवारी एक जण, मालकांसकट. जेवणानंतर पाच मिनिटं बसायला भिंतीकडेला एक बाकडं ठेवा आणि तिथं मोबाईलला चार्जिंगची सोय ठेवू नका. लेथचा आवाज बंद होत नाही, पण तिथं बसलेलं माणूस हळू बोलतं, एवढं मी बघितलंय.

पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी खडीवर एक कागदी कप पडलेला दिसला. बाहेरच्या कुठल्यातरी टपरीवरचा. मला राग आला. काढायला जावं तर रेघा मोडणार, म्हणून दाताळ्याच्या दांड्यानं ओढून घेतला. ठसे शोधले, एकही नव्हता. टाकणाऱ्यानं लांबूनच फेकला होता. मामा बाकड्यावरून बघत होते. म्हणाले, "पाय तरी ठेवला नाही की."